सेरामिकचा खुबा कोणत्या पट्टीत वाजतो?

माझ्या उजव्या खुब्याची वाटी जन्मापासून उथळ आहे, हे मला अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं. मांडीच्या हाडाचा गोळा वाटीत जितका आत बसायला हवा तितका तो कधीच बसला नव्हता. इतकी वर्षं सगळा भार वाटीच्या काठावर पडत राहिला, कूर्चा झिजली आणि आता हाडावर हाड घासतंय. बायकांमध्ये हे जास्त दिसतं म्हणे. गंमत अशी की दुखायचा गुडघा. खुब्याला आणि गुडघ्याला काही नसा सामाईक असल्यामुळे दुखणं एकीकडे आणि बोंब दुसरीकडे. गुडघ्याचे एक्स-रे स्वच्छ यायचे, आणि मला मात्र वाकून पायाची नखं कापता येत नव्हती. शेवटी एका तरुण डॉक्टरनं मला पलंगावर आडवं करून पाय नुसता आत वळवला, तेव्हा जांघेत अशी कळ आली की निदान तिथेच झालं. एक्स-रे नंतर, सही-शिक्क्यापुरता.

दसरा झाला की खुबा बदलायचं ऑपरेशन आहे. भेटायला येणारे विचारतात, किती तासांचं, किती टाके, चालायला कधी लागणार. ऑपरेशनच्या आधी काय काय होतं ते कुणी विचारत नाही. मी मे महिन्यापासून त्या ‘आधी’मध्येच अडकले आहे, म्हणून त्याबद्दलच लिहिते.

मुलगी पुण्याला असते. तिचं म्हणणं, आई, पुण्यातच कर. पण मला मिरजच हवी होती. आम्हां सांगलीकरांना मिरजेचे दवाखाने नवे नाहीत. डॉक्टर वॉनलेससाहेबांनी १८९४ साली तिथे मिशन हॉस्पिटल काढल्यापासून आमच्याकडची चार पिढ्यांची दुखणी त्याच रस्त्यानं गेली आहेत. शिवाय मी गाणं शिकवते, आणि माझे दोन्ही तंबोरे मिरजेचे. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मी वर्गात पेढे वाटले होते. आता खुबाही मिरजेचाच बसवून घेऊ, असं मी मुलीला म्हटलं. ती हसली नाही.

मेमध्ये पहिल्यांदा तपासण्या झाल्या. यादी हातात आली तेव्हा वाटलं, बदलायचा एक सांधा आणि हे माझं मूत्र, दात, नाक सगळंच मागतायत. रक्ताच्या सगळ्या तपासण्या, तीन महिन्यांची साखर, किडनी, लिव्हर, रक्त गोठायला किती वेळ लागतो ते, एचआयव्ही आणि दोन्ही काविळी, लघवीचं कल्चर, ईसीजी, हृदय बघायचा टूडी एको, छातीचा एक्स-रे, दातांच्या डॉक्टरची चिठ्ठी. नाकात कापसाची काडी फिरवून तिथे कुठले जंतू राहतात तेही बघितलं. नर्सनं माझ्या पायाच्या बोटांच्या बेचक्यासुद्धा उघडून बघितल्या, चिखल्या आहेत का म्हणून.

इतकं कशाला, हे तिथल्या सर्जननं एका वाक्यात सांगितलं: “काकू, खुब्यात आपण धातू ठेवतोय, त्याला रक्तपुरवठा नसतो.” म्हणजे किडक्या दाढेतला किंवा लघवीतला जंतू रक्तातून फिरत फिरत तिथे जाऊन बसला, तर औषध त्याच्यापर्यंत नीट पोचत नाही. अशा वेळी बसवलेला सांधा काढावाही लागू शकतो. त्यानंतर मी दाताच्या डॉक्टरकडे विनातक्रार तोंड उघडलं. एक दाढ भरावी लागली, बाकी ठीक निघालं.

अडलं भलतीकडेच. हिमोग्लोबिन ९.४.

मला त्यात विशेष काही वाटलं नाही. आमच्याकडे बायकांचं हिमोग्लोबिन कमीच असतं, बीट खा, गूळ-शेंगदाणे खा, डिंकाचे लाडू खा, विषय संपला. फिजिशियन बाईंनी मात्र फाइल बंद केली आणि विचारलं, “पाळी जाऊन किती वर्षं झाली?” आठ-नऊ. “मग रक्त जातंय कुठे?”

हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. तपासलं तर शरीरातला लोहाचा साठाही तळाला गेलेला. मग गोळ्यांचा हिशोब मागितला. खुब्यासाठी, म्हणजे तेव्हाच्या समजुतीप्रमाणे गुडघ्यासाठी, मी बरीच वर्षं दुखण्याची गोळी घेत होते. वर्गाच्या दिवशी एक, कार्यक्रम असला की दोन. शिवाय एका वैद्यांचा गुग्गुळ, आणि शेजारच्या वहिनींनी नागपूरहून आणलेली एक काळी पावडर. बाईंनी पावडरीचा डबा मागवून घेतला, वास घेतला आणि म्हणाल्या, “यात काय आहे ते तुम्हाला माहीत नाही, मलाही नाही. ही आजपासून बंद.” अशा चूर्णांत कधी कधी स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं आणि ते ऐन ऑपरेशनच्या वेळी घोटाळा करतं, असंही त्यांनी समजावलं. गुग्गुळ ऑपरेशनपर्यंत थांबवायला सांगितला. ऑपरेशनला जाणाऱ्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे, वैद्यांच्या पुड्या, टॉनिक, मिश्री, तंबाखू, झोपेची अर्धी गोळी, सगळं सांगून टाका. लाजून लपवलेली गोष्ट तुमच्या फाइलमध्ये येत नाही, रक्तात मात्र असते.

दुर्बीण घालून बघितलं तेव्हा पोटाच्या अस्तरावर ठिकठिकाणी ओरखडे निघाले, दुखण्याच्या गोळीचे. तिथून थोडं थोडं रक्त झिरपत होतं, डोळ्यांना दिसणार नाही इतकं. या वयात दुसरं काही नको म्हणून मोठ्या आतड्याचीही दुर्बीण झाली. ती स्वच्छ आली. (त्या तपासणीच्या आदल्या रात्रीबद्दल मी लिहिणार नाही. ज्यांनी केली आहे त्यांना कळेल.)

ऑपरेशन पुढे गेलं. घरात सगळ्यांचा विरस झाला, मुलीनं तर रजाही मंजूर करून घेतली होती. पण सर्जननं जे गणित मांडलं ते मला पटलं. खुबा बदलताना अर्धा-पाऊण लिटर रक्त सहज जातं. बारा-तेरावरून सुरुवात केली तर शरीर ते सोसतं, नऊवरून केली तर दुसऱ्याचं रक्त चढवावं लागण्याची शक्यता वाढते, आणि रक्त चढवलं की जंतुसंसर्गाचा धोकाही वाढतो. ऑपरेशन तातडीचं नव्हतं. मोडलेला खुबा असता तर थांबता आलं नसतं. झिजलेला खुबा थांबू शकतो. माझ्या ओळखीत एकांना दुसऱ्या एका ठिकाणी सकाळी रिपोर्ट आणि दुपारी ऑपरेशन असा वेग लाभला होता, आणि ते त्याचं कौतुक सांगत फिरतात. रिपोर्ट बघून ‘आत्ता नको’ म्हणायलाच जिथे वेळ ठेवलेला नाही, तिथे ते रिपोर्ट कशासाठी काढतात, मला कळत नाही.

दुखण्याची गोळी बंद, त्याऐवजी पॅरासिटामॉल, पोटासाठी गोळी, आणि लोह शिरेतून. तपकिरी रंगाची बाटली, एक ग्रॅम, अर्ध्या तासात आत. पुढच्या आठवड्यात अर्धा ग्रॅम आणखी. लोहाच्या गोळ्यांनी माझं पोट आधीच बंड करून उठायचं, त्यापेक्षा हे शंभर पटींनी सुसह्य. पावसाळ्याच्या तोंडाशी हिमोग्लोबिन १२ च्या वर गेलं.

मग ऑपरेशन लगेच का नाही केलं? कारण कृष्णा.

आम्ही राहतो सांगलीच्या गावभागात, तळमजल्यावर. आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ ला धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांवर गेलं होतं. तेव्हा मी स्वतः दोन्ही तंबोरे खांद्यावर घेऊन शिडीनं माळ्यावर चढवले होते आणि नंतर बोटीतून बाहेर पडले होते. २०२१ ला परत तेच. ऑपरेशनच्या तिसऱ्या आठवड्यात वॉकर घेऊन बोटीत चढायचं, तेही पाय नव्वद अंशांपेक्षा जास्त न वाकवता, हे चित्र मी सर्जनसमोर उभं केलं. ते मिरजेचेच. त्यांनी कॅलेंडर उलटून थेट ऑक्टोबर काढला. पुण्याच्या मुलीला हे कारण पटायला वेळ लागला. तिच्या फ्लॅटखालून नदी जात नाही.

थांबण्याचा एक फायदा झाला. मला शिकायला वेळ मिळाला. इम्प्लांट म्हणजे नक्की काय, हे मी या काळात वाचलं, आणि त्यातली एक हकिकत एखाद्या गवयानं रचावी तशी आहे. इंग्लंडमध्ये जॉन चार्नली नावाचे सर्जन होते. त्यांच्याकडे एक पेशंट आला, खुब्यात अ‍ॅक्रिलिकचा गोळा बसवलेला. तो हलला की खुबा करकरायचा, इतका की बायको त्याच्याबरोबर एका खोलीत बसायचं टाळायची. चार्नलींच्या डोक्यात तो आवाज बसला. आवाज म्हणजे घर्षण, मग घर्षण कमी कसं करायचं? त्यांनी आधी टेफ्लॉनची वाटी करून बघितली, ती झिजून गेली. मग पॉलिथिनची वाटी आणि तिच्यात २२ मिलिमीटरचा छोटा धातूचा गोळा, असा जोड त्यांनी १९६२ मध्ये बसवला. आजचे खुबे त्याचेच वंशज. म्हणजे मुळात हे सगळं एका बेसूर खुब्यामुळे झालं.

म्हणून सर्जननं जेव्हा विचारलं, गोळा सेरामिकचा, वाटीही सेरामिकची, की वाटीला पॉलिथिनचं अस्तर, तेव्हा माझा पहिला प्रश्न ठरलेला होता: वाजतो का? ते म्हणाले, सेरामिकवर सेरामिक असेल तर काही थोड्या लोकांत चिरका आवाज येतो, खरं आहे. मी विचारलं, कोणत्या पट्टीत? त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. मी नव्हते करत. काळी चार पट्टीच्या आसपास काही सतत किरकिरत असेल तर मला विद्यार्थ्यांचे सूर ऐकू येणार नाहीत.

शेवटी सेरामिकचा गोळा आणि सुधारित पॉलिथिनचं अस्तर ठरलं, हाडाला चिकटवायच्या सिमेंटशिवाय. धातूवर धातू घासणाऱ्या खुब्याबद्दलही मी विचारलं, कारण डिप्यू कंपनीचा एएसआर नावाचा तसला खुबा २०१० मध्ये जगभरातून परत मागवला होता हे वर्तमानपत्रांत गाजलं होतं. धातूचे कण झिजून रक्तात उतरत होते, आणि भारतात हजारो लोकांना तो बसवलेला होता. सर्जन म्हणाले, तसला मी बसवत नाही, आणि तुमच्या डिस्चार्ज कार्डावर इम्प्लांटचे स्टिकर लागतील, कंपनी, मॉडेल आणि बॅच नंबरासह. ते कार्ड मंगळसूत्रासारखं जपा. हे मला आवडलं. फ्रिज घेताना वॉरंटी कार्ड मागणारे आपण, शरीरात काय बसवलंय त्याचा कागद मागत नाही.

मग मापाचा एक्स-रे. दोन्ही पायांच्या मध्ये ठरावीक मापाचा लोखंडी गोळा ठेवतात. एक्स-रेत हाड खऱ्यापेक्षा मोठं दिसतं, त्या गोळ्यावरून किती मोठं ते काढतात आणि कॉम्प्युटरवर हाडावर खुब्याचे साचे लावून बघतात. माझा उजवा पाय दीड सेंटिमीटर आखूड आहे. तो बरोबर करायचा प्रयत्न करू, पण सांधा घट्ट बसणं आधी, मापाची हौस नंतर, असं स्पष्ट सांगितलं. वाटी उथळ असल्यानं नवी वाटी वरच्या बाजूनं उघडी राहिली, तर माझाच काढलेला गोळा कापून त्याचा तुकडा स्क्रूनं तिथे बसवणार. टाकाऊतून टिकाऊ.

आणि मग तो प्रश्न, ज्याच्यासाठी मी वर्षभर ऑपरेशन टाळत होते. मांडी.

गाणं मी मांडी घालून शिकले, मांडी घालूनच शिकवते. तंबोरा मांडीशी टेकवून धरायचा असतो. नेटवर वाचावं तर पाश्चात्त्य डॉक्टर म्हणतात पायावर पाय नको, खाली बसणं नको. सर्जननं टेबलावरचा सांगाडा हातात घेतला. ते मागच्या बाजूनं सांधा उघडणार. अशा वेळी सांधा निखळतो तो गुडघा पोटाकडे ओढून पाय आत वळवला की. मांडी घालताना पाय बाहेर वळतो आणि फाकतो. म्हणजे ती धोक्याची दिशाच नाही. पहिले तीन महिने काही झालं तरी नाही. नंतर स्नायू भरून आले, एक्स-रे चांगला असला, तर त्यांच्या देखरेखीखाली हळूहळू. उकिडवं बसणं मात्र नकोच. “आणि जमिनीवर बसणं-उठणं हे रोज पन्नासदा नाही, कार्यक्रमापुरतं,” असं बजावलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी दुखण्याचं समजून टिश्यू दिला.

भूलतज्ज्ञांकडची भेट सप्टेंबरात झाली, कारण रिपोर्ट ताजे लागतात. आ करा, जीभ बाहेर काढा, मान मागे टाका, तीन बोटं तोंडात मावतात का, हलणारा दात आहे का. मग नेहमीचा प्रश्न, दोन जिने चढल्यावर धाप लागते का? मी म्हटलं, खुब्यामुळे जिना चढून दोन वर्षं झाली, धापेचं कसं सांगू? त्यांनाही ही अडचण नेहमीची असणार, एको त्याचसाठी करतात. तरी ते म्हणाले, एका श्वासात आकडे मोजा बघू कुठपर्यंत जाता. मी विचारलं, आकड्यांऐवजी सा लावला तर चालेल? लावला. ते घड्याळाकडे बघत राहिले, नंतर घड्याळ सोडून माझ्याकडे. बाहेरच्या बाकावरचे दोघं दारातून डोकावून गेले. फुप्फुसांच्या रकान्यात त्यांनी बरोबरची खूण केली.

मग माझी भीती सांगितली. गळ्यात नळी घालणार का? स्वरतंतूंना धक्का लागला तर माझं पोट त्यावर आहे. त्यांनी हसण्यावारी नेलं नाही. कमरेतून भूल देणार, नळीची गरज सहसा पडत नाही. पडलीच तर लहान मापाची नळी वापरू, असं म्हणून फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईनं ‘गायिका’ असं लिहिलं. पंचवीस वर्षांत माझ्या नावापुढे हे इतक्या ठळकपणे आधी कुणी लिहिलं नव्हतं. कमरेखाली बधिर असताना हातोड्याचे आवाज ऐकू येतात, म्हणून झोपेचं हलकं औषध देतील, हवं तर कानात गाणं लावून देतील. काय लावायचं ते ठरत नाहीये. आपल्या आवडीचा राग हातोड्याच्या ठेक्यावर कायमचा चिकटला तर?

गोळ्यांचा तक्ता त्यांनी लिहून दिला: थायरॉइडची गोळी त्या दिवशी पहाटे घोटभर पाण्याबरोबर घ्यायची, ब्लडप्रेशरची टेल्मिसार्टन त्या सकाळी घ्यायची नाही. हे माझ्यापुरतं आहे, कृपा करून कुणी यावरून आपल्या गोळ्या ठरवू नका. जेवण आदल्या रात्री, साधं पाणी मात्र ऑपरेशनच्या दोन तास आधीपर्यंत चालतं. आमच्या सासूबाईंच्या वेळी आदल्या संध्याकाळपासून पाण्याचा थेंब देत नव्हते.

विम्याचं थोडक्यात. सांधेबदलाला पॉलिसीत वेटिंग पीरियड असतो, तो बघून घ्या. दुखणं कधीपासून, या रकान्यात डॉक्टर जे लिहितील त्यावर सगळी पत्रापत्री चालते. आमची झाली, मंजुरी आली, ह्यांचे केस थोडे आणखी पांढरे झाले.

घरात आता मी पाहुणी असल्यासारखी व्यवस्था चालू आहे. सुतारानं पलंगाच्या पायांखाली ठोकळे दिले. देशी संडास काढून कमोड बसवला, त्यावर आणखी उंच करणारी बैठक. नहाणीत दांडी. देवघर जमिनीवर होतं ते टेबलावर चढलं. सगळी पायपुसणी आणि वर्गाची सतरंजी गुंडाळून माळ्यावर, कारण वॉकरचा पाय त्यात अडकतो. उंबरठे जुन्या वाड्याचे, ते काढता येत नाहीत, त्यांना पिवळी पट्टी चिकटवली. फिजिओथेरपिस्ट मुलगी व्यायाम घेऊन गेली: झोपून मांडी आवळायची, टाच सरकवायची, खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठायचं, म्हणजे वॉकरसाठी दंड तयार होतात. पायऱ्या चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा.

दागिन्यांत अडला तो नाकातला खडा. तो लग्नाआधीपासून होता, फिरकी गंजून बसलेली. सराफ कट्ट्यावर एकांनी तो साबण आणि चिमट्यानं अर्धा तास खपून काढला. मेंदी नको, नखं रंगवायची नाहीत, बोटाला लावायच्या यंत्राला अडचण होते. पायावरचे केस घरी ब्लेडनं काढायचे नाहीत, बारीक जखमांतून जंतू शिरतात; लागलेच तर तिथे मशीननं कापतील. आदल्या रात्री आणि सकाळी त्यांनी दिलेल्या औषधी साबणानं आंघोळ. रक्तपेढीत माझ्यासाठी रक्त जुळवून ठेवतील, लागलं तर असावं म्हणून. हे कळल्यावर वर्गातली चार मुलं न सांगता रक्तदान करून आली. त्यातला एक अजून कोमल गंधार लावू शकत नाही, पण त्याचं वजन भरपूर आहे.

माझ्या वर्गातल्या मुलांसाठी: दिवाळीनंतर मी खुर्चीवर बसून सुरू करेन, हार्मोनियम टेबलावर. तोवर मंगळवार-शुक्रवारचा वर्ग मोठ्या मुली घेतील, त्यांच्याकडेच. आमच्याकडे सतरंजी नाहीये. यमनचा विलंबित ख्याल कुणी अंतऱ्याला नेऊ नका. मुखडा समेवर नीट आणून ठेवा, तेवढं पुरे.